बारा पटीची दुर्बीण

अण्णांचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या रेंजवर होते. रेंज म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. एका शाळेच्या मागचा पत्र्याचा लांबोडा हॉल, एका टोकाला कागदी निशाणं आणि दुसऱ्या टोकाला माझ्याकडं नेमबाजी शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरी. मी स्वभावानं भित्री आणि पोटापाण्याला बंदुका शिकवते, यावर आमच्या घरात सगळ्यांचं पोटभर हसून झालेलं आहे. पाल दिसली की मी पलंगावर चढते. रायफल हातात आली की मात्र शांत होते, कारण रायफलीचे नियम ठरलेले असतात. पालीचं तसं नाही.

"ऐकून घे," अण्णा म्हणाले. माझे वडील फोनवर हॅलो म्हणत नाहीत, थेट हुकूम सोडतात. "रायफलीवर बसवायची दुर्बीण भेटती ना तिकडं? बारा पटीची बघ. त्याहून जास्ती भेटली तर आनखी चांगलं."

"बारा पट? अण्णा, डुक्कर मारायचंय का विमान पाडायचंय?"

एरवी ते माझं एक ऐकून मला दोन सुनावतात. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "सकाळच्याला धुई लई पडून राहिली. तू बघ." आणि फोन ठेवला.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि चाकूरकडच्या आमच्या गावी शेती करत राहिले. त्यांच्याकडं लायसनची जुनी बोल्ट रायफल आहे. आमच्या भागात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. लोक शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, सलूनमधले कापलेले केस पोत्यानं आणून बांधावर टाकतात. नाकात केस गेला की डुक्कर माघारी फिरतं म्हणे. चार दिवस फिरतंही. पाचव्या दिवशी साडीखालून आत येऊन हरभऱ्याचा चुथडा करून जातं. मग शेतकरी वन खात्याकडून परवानगीचा कागद आणतो आणि अण्णांच्या ओट्यावर येऊन बसतो. अण्णा उजाडताना रानात जाऊन बसणार, एकच गोळी झाडणार, मागाहून खात्याचा माणूस येऊन पंचनामा करणार. आजूबाजूच्या सात-आठ गावांत हा मान त्यांचा. आणि हे सगळं उघड्या नजरेनं. नळीच्या टोकाचं बोंड आणि डोळ्याजवळची खाच जुळवायची, की झालं. दुर्बीण लावून मारणं म्हणजे चमच्यानं भाकरी खाणं, असं ते मला चिडवायचे.

म्हणून मला आधी आनंदच झाला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बापानं मला काही विचारलं होतं आणि तेही माझ्या विषयातलं. मी वही काढून बसले. निशाण्याच्या खेळात दुर्बीण जितकं मोठं दाखवेल तितकं बरं. कागद जागचा हलत नाही, उजेड भरपूर, आपण पोटावर आडवे आणि रायफल वाळूच्या पिशवीवर. तिथं बारा काय, चोवीस पटही चालते; गोळीचं भोक कुठं पडलं ते उठून बघायला जावं लागत नाही. रानात सगळं उलटं. बारा पटीत शंभर मीटरवरचं जेमतेम तीन-साडेतीन मीटरचं वर्तुळ दिसतं. डुकरानं एक उडी मारली की ते वर्तुळाबाहेर, मग तुम्ही ढेकळं बघत बसा. आपला श्वासही बारा पटीनं हलतो. शिवाय पट वाढवली की चित्र अंधारतं, म्हणजे पहाटे उजेड हवा तेव्हाच तो कमी. चार पटीत तेच वर्तुळ नऊ-दहा मीटरचं असतं, उजळ असतं, आणि डुकराच्या शेजारी कोण आहे, मागं कोण आहे, तेही त्यात येतं. रानात चार पुरे, फार तर सहा. हे मी पोरींना झोपेतसुद्धा सांगेन.

एअरगनच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथं गेले. दुकानदार ओळखीचा आणि बडबड्या. "मॅडम, चोवीस पटीची न्या. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"चंद्रावर डुकरं आहेत का?"

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला आणि मोठ्या रायफलीचा झटका सोसतील अशा दोन दुर्बिणी काउंटरवर ठेवल्या. एक साधी चार पटीची, दुसरी चारपासून बारापर्यंत फिरवता येणारी. नको ती परत आणून देईन, असं सांगून मी दोन्ही घेतल्या.

ऑटोत बसल्यावर त्या पिशवीकडं बघताना एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. माझ्या रेंजवर जास्तीत जास्त पटीची दुर्बीण कोण मागतं? एक तर नवखे. दुसरे, ज्यांना मुळात दिसत नाही. अण्णा नवखे नव्हते.

मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीत ते मला घ्यायला स्टँडवर आले होते. मी एसटीतून उतरून समोर उभी, आणि ते माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. "अण्णा" म्हटल्यावर दचकले. पेपर बंद केला होता. म्हणे, रोज तेच असतंय त्यात. चहा बशीच्या बाहेर ओतला आणि बशी वाकडी ठेवली म्हणून आईवर खेकसले. तेव्हा मला हे वयाचं वाटलं होतं. हसूही आलं होतं.

घरी जाऊन आईला फोन केला. "अण्णांना नीट दिसतंय का गं?"

 आई म्हणाली, "परवा आपल्या बकरीला कुत्रं समजून हाड हाड करून राहिले. म्या हासले तर दोन दिस बोलले न्हाईत. डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतेत. म्हनतेत, डोळ्यात सुरी घालू देनार न्हाई." आणि आवाज खाली आणून, "तू बी काही बोलू नको बाई. सणाला येशील तवा गोड बोल अन् जा."

म्हणजे मोतीबिंदू. शंभर माणसांत किती जणांना होतो, अर्ध्या तासाचं ऑपरेशन. पण ते करून घ्यायचं तर आधी दिसत नाही हे कबूल करावं लागतं. आणि माझा बाप दिसत नसताना भरलेली रायफल घेऊन धुक्यात बसत होता.

त्यानंतरचे आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. पोरींना शिकवता शिकवता माझी जीभ अडखळायची. सकाळी साडेसहाला आमच्या रानात किती माणसं वाकलेली असतात! हरभऱ्याची भाजी खुडणाऱ्या बाया, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह बघणारा, टमरेल घेऊन बांधाआड बसलेला, रात्रपाळीचं पाणी देऊन अंगावर काळं घोंगडं ओढून तिथंच कलंडलेला. कुणीही लांबून काळं, बसकं आणि जरासं हलणारं. फोन वाजला की आधी नाव बघायचे. आईचा असला तर उचलायला हात धजायचा नाही.

सरळ सांगायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्याच्या बापाला मीही सरळ सांगितलं असतं. अण्णा मारकुटे नव्हते. पण त्यांचा आवाज चढला की लहानपणी मला लघवी व्हायची आणि मोठेपणी ते फक्त थांबलंय, भीती तेवढीच आहे. दोन लेकरांची आई मी, शेकडो पोरींना 'चूक दिसली की तिथंच ओरडा' असं शिकवणारी. आणि 'अण्णा, तुम्हाला दिसत नाही' हे चार शब्द जुळवताना मला घाम फुटायचा. मग मी एक पळवाट काढली. दुर्बीण रायफलीवर बसवण्याआधी पारखून बघावी लागते, असं सांगायचं. त्यांनाच लांबचं काही बघायला लावायचं. त्यांचं त्यांनाच कळेल, मला काही बोलावं लागणार नाही.

सण होता येळवसेचा, म्हणजे वेळ अमावस्येचा. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा करायची आणि शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे रेटून खायचे, वर ताकातली आंबील प्यायची. मी आदल्या दिवशी मुक्कामाला न जाता सकाळच्या गाडीनं थेट शेतात गेले. एक रात्र तरी अण्णांची गाठ टळली, एवढाच हिशेब.

पोचले तेव्हा आई कोपीत पूजेची मांडामांड करत होती. चुलत घरची माणसं पलीकडच्या आंब्याखाली चुलीपाशी होती. अण्णा माझी वाटच बघत होते.

"आनलीस? शेजाऱ्याचा कागद परवापर्यंतच हाय. उद्या सकाळी बसायचंय. आज संध्याकाळी घरी गेलो की बसवून टाक."

उद्या सकाळी. 

"आधी पारखावी लागते अण्णा," मी म्हटलं. आवाज बरा निघाला. "डोळ्याला कुठली बसते ते बघू आणि मग ठरवू."

आम्ही दोघं विहिरीकडं गेलो. विहिरीच्या कठड्यापासून कोपी शंभर पावलांवर असेल. रायफल घरी कपाटात होती. ती बरोबर असती आणि रिकामी असती, तरी मी तिचं तोंड माणसांकडं करू दिलं नसतं. नुसती दुर्बीण होती. कठड्यावर ज्वारीचं अर्धं पोतं ठेवून मी त्यात बारा पटीची दुर्बीण घट्ट रुतवली, कोपीच्या दिशेनं अंदाजानं वळवली आणि म्हटलं, "कोपीचं तोंड शोधा. आत काय काय दिसतं ते सांगा."

अण्णा गुडघ्यावर बसले. चाळीस वर्षांची सवय. खांदे आपोआप खाली गेले, श्वास संथ झाला. मी कोपीकडं बघतच नव्हते, त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी दुर्बीण जरा डावीकडं केली, जरा वर, मग थांबले.

"भेटली. चांगली हाय की. कडबा दिसतोय, आत पांडव दिसून राहिले."

"किती दिसतात?"

"आता पांडव किती असतेत गं? पाचीच्या पाची. पांढरेफेक. चुना लई लावलाय तुज्या आईनं." ते हसले. "मधल्या धर्मराजावर दुर्बिणीतली फुली धरलीय बघ."

माझा जीव भांड्यात पडला. उगाच आठ दिवस जिवाला घोर लावून घेतला, असं मनात म्हटलं. बकरीचं काय, संध्याकाळ असेल, सावली असेल. अण्णा पाठीला हात लावून उठले आणि दुर्बीण पोत्यात जशीच्या तशी राहिली. मी सहज खाली वाकून डोळा लावला.

फुलीखाली आईची पाठ होती.

आई कोपीच्या तोंडाशी मांडी घालून बसलेली, डोक्यावरून पांढरट शाल घेतलेली, पाठ आमच्याकडं. तिच्यामुळं कोपीचं तोंड पूर्ण झाकलेलं. पांडव एकही दिसत नव्हता. दिसणं शक्यच नव्हतं. मी मान वर करून साध्या डोळ्यांनी बघितलं, तरी तेच. एवढ्या उन्हात, शंभर पावलांवर, माझ्या बापाला पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बायको दिसली नव्हती. तिथं पाच दगड असतात हे ठाऊक होतं म्हणून त्यांना पाच दगड दिसले होते. उद्या सकाळी तिथं डुक्कर असतं हे ठाऊक असणार होतं.

मी कठडा धरून खालीच बसले.  हुडहुडी भरल्यासारखं झालं आणि ऊन तर चांगलं तापलेलं.

"काय झालं?"

"चक्कर आली. एसटीत काही खाल्लं नव्हतं."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. जेवायला बसलो. पानात भज्जी, खीर, उंड्यांचा ढीग; मी एकेक घास तोंडात फिरवत होते. अण्णा आग्रह करत होते, चुलत्यांना दुर्बिणीचं कौतुक सांगत होते. "शंभर पावलांवरनं चुन्याचा हात कळून राहिला," असं म्हणाले. आई वाढता वाढता माझ्याकडं बघत होती. ती माझ्यापाशी वाकली तेव्हा तिच्या अंगाला शालीचा, धुराचा वास आला आणि मला हुंदका आवरेना. मिरची लागली, असं मी सांगितलं.

जेवणं झाल्यावर मंडळी आंब्याखाली आडवी झाली. अण्णा माझ्याकडं आले. "बारावालीच बसव. चारवाली देऊन टाक परत."

मी उभी राहिले. का कुणास ठाऊक, उभं राहिल्याशिवाय ते वाक्य तोंडातून निघणार नाही असं वाटलं. "अण्णा, तुम्हाला पांडव दिसले नाहीत. आई पुढं बसली होती. तुमची फुली आईच्या पाठीवर होती."

"खोटं बोलून राहिलीस."

"आईला विचारा ती कुठं बसली होती."

त्यांचा चेहरा लाल झाला. आता आवाज चढणार म्हणून मी डोळेच मिटले. आवाज चढला नाही. डोळे उघडले तर ते आईकडं बघत होते. ती दहा हातांवर भांडी गोळा करत होती. कितीतरी वेळ ते तसेच बघत राहिले आणि मग म्हणाले, "चल माज्यासंगं." एवढंच. चप्पल घातली आणि चालायलाच लागले.

आमचं रान ओलांडून शेजाऱ्याच्या उसाकडं निघाले. ऊस तोडून नेलेला, पाचट पसरलेलं. बांधावरनं ते पायानं चाचपत चालत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. अर्ध्या वाटेवर ते माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"पंधरा-इस दिस झाले. हितंच बसलो होतो सकाळी. उसाच्या कडंला काळं दिसलं, बसल्यावानी. म्या लई येळ बगितलं. हाललं वाटलं. मंग मारली."

"मग?"

"मंग कायच न्हाई. डुकराला लागली तर किंचाळतंय. न्हाई लागली तर पळतंय. ह्ये जागचं हाललंच न्हाई."

"जाऊन बघितलं नाही तुम्ही?"

"गेलो धा-इस पावलं. पाय पुडं पडंना." ते थांबले. "ऊसतोडीची टोळी उतरली होती तितं. दुसऱ्या दिशी ट्रॅक्टरात बसून निगून गेली. त्यांच्यातलं कोन कमी झालं ते आपल्याला कोन सांगनार? गावातली मानसं म्या रोज बगून राहिलो, सगळी हायत. टोळीतल्यांची तोंडं कुनाला ठावं?"

 पालीला भिणारी मी. आजवर ज्याला भीती म्हणत होते ते काहीच नव्हतं.

"म्हनून तुला बारा पटीची सांगितली," अण्णा म्हणाले. "म्हनलं, मोठं दिसलं तर कळंल तरी, मानूस हाय का जनावर."

उसाच्या पलीकडच्या कडेला, बांधाला टेकून, खरंच काहीतरी काळं होतं. मला ते आधी दिसलं. अण्णा अजून भलतीकडंच बघत होते. कंबरेएवढं उंच, गोलसर, वरचा भाग जरा पुढं झुकलेला. मी त्यांचा दंड धरून त्यांना थांबवलं आणि "मी बघून येते" म्हटलं. पंचवीस-तीस पावलं असतील. दर पावलाला वाटायचं, आता वास येईल. मी नाकाला पदर लावला होता आणि 'नसू दे, नसू दे' असं मोठ्यानं म्हणत चालले होते.

ठिबकच्या नळ्या होत्या. काळ्या नळ्यांचं मोठं वेटोळं, सुतळीनं बांधून, बांधाला टेकवून ठेवलेलं. सुतळीचं एक टोक सुटून वाऱ्यानं हलत होतं.

"नळ्या आहेत!" मी ओरडले. "अण्णा, ठिबकच्या नळ्या आहेत! माणूस नाही!"

त्यांचा विश्वास बसला नाही. घाईघाईनं, ठेचकाळत आले आणि दोन्ही हातांनी ते वेटोळं चाचपायला लागले, वरून, खालून, मागून. मागच्या बांधाच्या मातीत एक खोल चीर गेलेली मला दिसली. गोळी तिथं शिरली होती. बांध कमरेएवढा. त्याच्या पलीकडं वीस पावलांवर टोळीच्या कोप्यांची जागा होती: चुलींचे काळे दगड, राख, बाभळीला लटकलेला झोळीचा दोर. गोळी हातभर वरून गेली असती तर मधे बांध नव्हता. अण्णांना हे दिसत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

त्यांच्या बोटांना भोक सापडलं. गुडघ्यावर बसून त्यांनी करंगळी आत घातली आणि दुसऱ्या हाताची वीत टाकत जमिनीपासूनची उंची मोजली. बसलेल्या माणसाची छाती असते तिथंच आली.

"मधोमध लागलीय," ते म्हणाले. "नेम बराबर हाय माजा अजून."

आणि माझा बाप रडायला लागला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. करंगळी तशीच भोकात आणि ते ओक्साबोक्शी रडत होते. मी त्यांच्याजवळ पाचटावर बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

जरा वेळानं त्यांनी तोंड पुसलं. "एक विचारू का? खरं सांग. दुपारी म्या रागं भरलो असतो, वरडलो असतो, तर बसवून दिली असतीस का न्हाई ती बारावाली?"

बसवायचं सामान माझ्या पर्समध्येच होतं. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. एवढ्या जवळून दोन्ही बुबुळांवरची पांढुरकी साय उन्हात स्पष्ट दिसत होती.

"दिली असती," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. मग माझा खांदा धरून उठले.

"मंग आजच चल ठाण्यात. आत्ताच रायफल जमा करू. उद्या म्या वरडन, अन् तू भिशील."